धंद्याचा जम बसला, मनाचा का बसत नाही?

व्यवसाय सुरू होऊन पाच-सात वर्षे झालेली असतात, गिऱ्हाईक टिकून असते, माणसांचे पगार वेळेवर होत असतात, आणि तरीही मालकाच्या मनात एक विचार ठाण मांडून बसलेला असतो. आपल्याला यातले खरे काही येत नाही, आजवर कसेबसे निभावले, आणि एक ना एक दिवस हे कोणाच्या तरी लक्षात येणारच, असा तो विचार. या अवस्थेला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात; इम्पोस्टर म्हणजे तोतया. मुंबईत स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्या मराठी स्त्री-पुरुषांशी मोकळेपणाने बोलत बसले, की ही भावना निरनिराळ्या वाक्यांतून पुढे येते. ‘आपले काय, नशिबाने चालले आहे’, ‘तेव्हा स्पर्धा नव्हती म्हणून जमले’, ‘माझ्यापेक्षा माझी माणसेच हुशार आहेत’. ही वाक्ये विनयाची वाटतात आणि पुष्कळदा ती तशी असतातही. परंतु बोलणाऱ्याचा त्यांवर मनापासून विश्वास बसलेला असेल, तर त्याचे परिणाम त्याच्या दरपत्रकात, उधारीच्या वहीत आणि रात्रीच्या झोपेत दिसू लागतात.

अशा माणसाला ‘आत्मविश्वास वाढवा’ एवढाच सल्ला दिला जातो, आणि माझ्या मते तो फारसा उपयोगाचा नाही. ज्याला मुळात स्वतःच्या क्षमतेविषयी खात्रीलायक माहितीच मिळत नाही, त्याने विश्वास कशाच्या आधारावर वाढवायचा? या भावनेवरचा उपाय बराचसा हिशेबाचा आहे, असे मला वाटते. आपण काय केले, काय येते आणि काय येत नाही, याची नोंद नीट ठेवली, तर संशयाला मर्यादा पडते. मात्र त्यासाठी ही भावना आत कशी चालते, ते आधी समजून घ्यावे लागते.

कल्पना कोठून आली

१९७८ साली अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाशी संबंधित पॉलिन रोझ क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबर केलेल्या कामावर आधारित एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पदव्या, सन्मान आणि सहकाऱ्यांचा आदर मिळूनही या स्त्रियांना वाटत असे की आपण खऱ्या हुशार नाही, समोरच्यांचीच आपल्याविषयी गैरसमजूत झालेली आहे. पुढील संशोधनात हीच भावना पुरुषांमध्येही आढळली. क्लान्स यांनी १९८५ मध्ये ती मोजण्यासाठी वीस विधानांची एक प्रश्नावली तयार केली आणि ती आजही वापरली जाते. मानसिक विकारांच्या अधिकृत वर्गीकरणात या अवस्थेला आजार म्हणून स्थान नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

किती लोकांना हा अनुभव येतो, याचे एकच उत्तर नाही. २०२० साली ६२ अभ्यासांचा आणि त्यांतील चौदा हजारांहून अधिक व्यक्तींचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा हे प्रमाण कोठे ९ टक्के तर कोठे ८२ टक्के निघाले. कोणती प्रश्नावली वापरली आणि मर्यादारेषा कोठे ओढली, यावर आकडा बदलत होता. त्यामुळे ‘इतके टक्के लोक याने ग्रस्त आहेत’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या वाक्यांवर फार विसंबू नये. हा अनुभव सर्वत्र आढळतो, इतके मात्र निश्चित म्हणता येते.

येथे आपल्या इतिहासातील एक उदाहरण उपयोगी पडते. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेला तोतया आपले नसलेले नाव, नसलेला अधिकार आणि नसलेला पराक्रम अंगावर मिरवत होता, आणि शेवटी १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. इम्पोस्टर सिंड्रोम असलेल्या माणसाचे वागणे याच्या अगदी उलट असते. जे त्याने स्वतः कमावलेले आहे, तेही तो आपले मानायला तयार नसतो.

जमेची नोंदच होत नाही

क्लान्स यांनी या भावनेचे एक चक्र मांडले आहे आणि ते व्यवसायाला चपखल लागू पडते. नेहमीपेक्षा मोठे काम समोर येते आणि ते आपल्याला झेपणार नाही अशी धास्ती वाटते. त्या धास्तीपोटी मालक एक तर गरजेच्या दुप्पट तयारी करतो, किंवा काम पुढे ढकलत राहतो आणि अखेरच्या दिवसांत रात्रीचा दिवस करतो. काम बहुतेक वेळा पार पडते, गिऱ्हाईक समाधानी होते आणि काही काळ हायसे वाटते. त्यानंतर मन या यशाचा अर्थ लावू लागते. दुप्पट तयारी केली असेल तर ‘एवढे राबल्यावर कोणालाही जमले असते’ असे उत्तर मिळते, आणि ऐन वेळी धावपळ केली असेल तर ‘या खेपेला नशिबाने तारले’ असे. दोन्ही उत्तरांत कौशल्याला जागाच उरत नाही. काम फसले तर मात्र परिस्थितीचा किंवा नशिबाचा विचारही मनात येत नाही. ‘मला मुळात येतच नव्हते’ हा निकाल तत्काळ लागतो.

खतावणीच्या भाषेत सांगायचे, तर प्रत्येक चूक नावे बाजूला चोख लिहिली जाते, जमेच्या बाजूला मात्र काहीच चढत नाही, आणि अशी वही वीस वर्षे लिहिली तरी शिल्लक उणेच निघणार. अनुभव वाढत असूनही खात्री का वाढत नाही, याचे कारण येथे आहे. आणखी मोठी ऑर्डर, आणखी एक पुरस्कार किंवा दुसरे दुकान मिळाल्याने ही भावना जाईल, अशी आशा अनेक जण धरून असतात. ती सहसा फळाला येत नाही, कारण ते यशही त्याच पद्धतीने खर्ची पडते.

मालकालाच ती अधिक का छळते

नोकरी करणाऱ्यांनाही ही भावना छळते, पण मालकाच्या बाबतीत ती अधिक चिवट असते. डॉक्टरकडे पदवी असते, वकिलाकडे सनद असते, नोकरदाराला वर्षातून एकदा तरी वरिष्ठाचा अभिप्राय मिळतो. व्यवसायाच्या मालकाला ‘तुम्ही हे काम करण्यास पात्र आहात’ असे लेखी कोणीही देत नाही. गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी किंवा जीएसटी क्रमांक ही कागदपत्रे व्यवसाय अस्तित्वात आहे एवढेच सांगतात. राहता राहिला बाजाराचा कौल, आणि तो फार संदिग्ध असतो. दिवाळीत माल संपला तो आपल्या चवीमुळे की सणामुळे, आणि जूनमध्ये विक्री घटली ती आपल्या चुकीमुळे की पावसामुळे, हे एका वर्षाच्या आकड्यांवरून कोणालाच सांगता येत नाही. जेथे पुरावा संदिग्ध असतो, तेथे मन आपल्या जुन्याच समजुतीच्या बाजूने निकाल देते.

शिवाय लहान व्यवसायात मालकाला एका दिवसात पाच माणसांची कामे करावी लागतात. सकाळी खरेदी, दुपारी गिऱ्हाइकांच्या भेटी, मध्येच कारागिरांतील कुरबूर, संध्याकाळी वसुली आणि रात्री हिशेब. या सगळ्यांत सारखाच निष्णात असलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. तरीही मालक आपल्या हिशेबाची तुलना सीएशी करतो, आपल्या बोलण्याची तुलना मुरलेल्या विक्रेत्याशी करतो आणि आपल्या डिझाइनची तुलना कलामहाविद्यालयातून शिकून आलेल्यांशी करतो. प्रत्येक तुलनेत तो थोडा कमी पडतो आणि या सगळ्या उण्यांची बेरीज ‘मी कशातच नाही’ अशी करतो. ही पाचही कामे एकत्र ओढून व्यवसाय चालता ठेवणे हेच मुळात एक स्वतंत्र कौशल्य आहे, हे त्या बेरजेत कोठेच धरलेले नसते.

तिसरे कारण दृष्टिकोनाचे आहे. मालकाला स्वतःचा धंदा आतून दिसतो. पगारासाठी भावाकडून घेतलेले पैसे, परत आलेला माल, चुकलेले मोजमाप हे सारे त्याला ठाऊक असते. दुसऱ्याचा धंदा त्याला केवळ बाहेरून दिसतो. मुंबईच्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीत शेजारी-शेजारी गाळे असतात, चहा एकाच टपरीवरून येतो, लिफ्टमध्ये रोज भेट होते; पण शेजारच्या गाळ्यातले कोटेशन किती वेळा नाकारले गेले किंवा त्याचे किती पैसे अडकले आहेत, हे कधी कळत नाही. त्यालाही आपले कळत नाही. अशा रीतीने एकाच मजल्यावरील दहा जण स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढू शकतात, की बाकीच्या नऊ जणांना सगळे नीट येते.

मराठी घर आणि मुंबईचा बाजार

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली गेली आणि मुलांना मात्र नोकरीलाच लावले गेले. यात घरच्यांचा दोष मानता येत नाही. गिरणगावातील घरांनी ठरलेल्या तारखेच्या पगारावर संसार उभे केले होते आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर तो पगार गेल्यावर काय होते, हेही त्यांनी सोसले. अशा घरातील मुलाने किंवा सुनेने व्यवसाय सुरू केला, तर घरात विचारायला जाणते माणूस नसते. ज्याच्या घरात तीन पिढ्या दुकान आहे, त्याला जेवताना कानावर पडलेल्या गोष्टी याला तिसाव्या वर्षी ठेच लागून शिकाव्या लागतात. उधारी किती दिवस द्यावी, मंदीत माणसे कशी टिकवावी, बँकेच्या व्यवस्थापकाशी काय बोलावे, हे आधी ऐकलेले नसणे ही माहितीची उणीव आहे. ती क्षमतेची उणीव समजली जाते आणि तेथेच घोटाळा होतो.

येथे या संकल्पनेवरचा एक महत्त्वाचा आक्षेपही मांडला पाहिजे. २०२१ साली रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन बुरी यांनी असे प्रतिपादन केले, की अनेक स्त्रियांना जो संशय वाटतो तो त्यांच्या मनाचा दोष नसून त्यांना वगळणाऱ्या वातावरणाचा परिणाम असतो, आणि म्हणून दुरुस्ती त्या वातावरणाची व्हायला हवी. मुंबईच्या संदर्भात मला हा आक्षेप फार मोलाचा वाटतो. गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या बायका वर्षानुवर्षे कामगारांना दोन वेळचे जेवण पुरवत होत्या. बाजार, उधारी, रोजचा ताळमेळ हे सगळे त्या सांभाळत होत्या. तरीही बँकेच्या दारात त्यांना उद्योजक म्हणून कोणी ओळखत नव्हते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले आणि त्यांतील अनेकींना पहिल्यांदाच बँकेचे कर्ज मिळू लागले. त्यांचा स्वयंपाक आदल्या दिवशी होता तसाच होता. बदलली ती त्यांच्याकडे पाहण्याची व्यवस्थेची नजर.

आजही वांद्रे-कुर्ला संकुलातील एखाद्या बैठकीत सगळी चर्चा इंग्रजीत चालते आणि मराठी माध्यमातून शिकलेला, यंत्राची खडान्‌खडा माहिती असलेला कारखानदार गप्प बसून राहतो. बाहेर पडताना तो स्वतःला अडाणी ठरवतो. वास्तविक त्याला त्या एका भाषेतील बोलण्याचा सराव कमी आहे, एवढेच त्या बैठकीतून सिद्ध झालेले असते. संशय वाटू लागला, की तो आतून आला की समोरच्याच्या वागण्यातून आला, हे आधी पाहावे. अपमान झाला असेल, तर त्यावर आत्मपरीक्षणाचा उपाय लागू पडत नाही.

दरपत्रकात होणारे नुकसान

या भावनेचे सर्वांत मोठे नुकसान मला दर ठरवताना दिसते, म्हणून येथे थोडे आकड्यांत जाऊ. समजा, दादरमध्ये केटरिंगचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंना अंधेरीतील कार्यालयाकडून दीडशे ताटांची विचारणा आली. एका ताटामागे किराणा, भाजी व दूध यांचा खर्च ९५ रुपये, मजुरी ३५ रुपये, पॅकिंग आणि टेम्पो २० रुपये, गॅस व जागेच्या भाड्याचा हिस्सा १५ रुपये. म्हणजे एकूण खर्च १६५ रुपये. त्यांनी कोटेशनमध्ये २४० रुपये लिहिले. पाठवण्याआधी मोबाइलवर तो आकडा त्या पुन्हा पाहतात. ‘एवढे कोण देणार? आपण काही मोठे केटरर नाही’, असा विचार येतो. आकडा २२० होतो, मग २०० होतो, आणि शेवटी १९० रुपयांवर संदेश पाठवला जातो. समोरच्याने अद्याप घासाघीस केलेलीच नाही. ती ताईंनी स्वतःशीच करून टाकलेली आहे.

आता हिशेब पाहा. २४० रुपये दर असता, तर ताटामागे ७५ रुपये, म्हणजे दीडशे ताटांवर ११,२५० रुपये नफा झाला असता. १९० रुपये दराने ताटामागे २५ रुपये सुटतात आणि एकूण नफा ३,७५० रुपये होतो. दर सुमारे २१ टक्क्यांनी उतरला, पण नफा एक-तृतीयांशावर आला. एखादा मदतनीस ऐन वेळी आला नाही आणि दुसऱ्याला दुप्पट मजुरी द्यावी लागली, तर तोही बराचसा जाईल. मग महिनाअखेरीस हातात काही उरत नाही आणि ताई म्हणतात, ‘बघा, मला धंदा जमतच नाही.’ ज्या संशयामुळे दर पाडला गेला, त्याच संशयाला आता पाडलेल्या दरातून पुरावा मिळतो. हे वर्तुळ एकदा नीट पाहिले, की ते तोडायचे कोठे, हेही दिसू लागते.

वसुलीतही असेच होते. बिल देऊन दोन महिने झाले तरी फोन करायला जीव कचरतो, कारण आपले काम पैसे मागण्याइतके चांगले होते का, अशी शंका असते. खरे तर पैसे मागणे ही समोरच्याकडे केलेली याचना नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे वा सेवा देणाऱ्याचे पैसे खरेदीदाराने लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल, तर ही मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देण्याची तरतूदही त्यात आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला कायदा दाखवावा असे मी म्हणत नाही. तसे केले तर संबंध बिघडतील. पण फोन लावताना हा आपला हक्क आहे, हे माहीत असले की आवाजात फरक पडतो.

माणसांवर काम न सोपवणे, मोठ्या कामाचे टेंडर न भरणे आणि आपल्या कामाचे फोटोसुद्धा कोणाला न दाखवणे ही याच भावनेची आणखी काही रूपे आहेत. त्यांतील पहिले सर्वांत थकवणारे असते. भांडुपमधील फॅब्रिकेशनच्या गाळ्यात मालक रात्री दहा वाजता प्रत्येक वेल्डिंगवर टॉर्च मारून पाहत असतो, कारण एक जोड जरी कच्चा निघाला तरी आपले सगळे पितळ उघडे पडेल, अशी त्याला भीती असते. तपासणी आवश्यकच आहे. परंतु कोणता जोड कसा तपासायचा, किती फरक चालेल आणि कोणता माल परत करायचा, हे कागदावर लिहून फोरमनला शिकवले, तर ती तपासणी त्याच्याविनाही होऊ शकते.

संशय खरा असला तर?

हा प्रश्न टाळणे बरोबर होणार नाही, कारण प्रत्येक शंका खोटी नसते. एखाद्याला खरोखरच कॉस्टिंग येत नसते, एखादीला खरोखरच जीएसटीचे विवरणपत्र समजत नसते. अशा माणसाला ‘तू उत्तम आहेस’ असे सांगणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय. दोहोंतील फरक ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे. ‘मला नेमके काय येत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहून पाहावे. ‘मला साठ दिवसांच्या उधारीचा खर्च दरात धरता येत नाही’ असे उत्तर आले, तर ती खरी उणीव आहे आणि ती एका जाणत्या सीएबरोबर काही बैठका करून भरून काढता येते. ‘मी मुळात या लायकीचाच नाही’ असे उत्तर आले आणि कितीही विचार केला तरी ते अधिक नेमके होत नसेल, तर ती भावना आहे. तिच्यासाठी कोणताही वर्ग लावता येणार नाही.

गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभे राहिले, ही हकिकत बहुतेकांना माहीत असते. तिच्यातील सांगण्याजोगा भाग मला वेगळाच वाटतो. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत, म्हणजे हलका माल स्वस्तात विकता यावा. छगनबाप्पा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या मार्गदर्शकांनी त्यांना एकच प्रत ठेवा, दर्जात तडजोड करू नका आणि हिशेब चोख ठेवा, असा सल्ला दिला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने थांबवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली, पापड खाटेवर पसरले, खाली शेगडी ठेवली आणि काम सुरू राहिले. त्यांची अडचण अगदी खरी होती, पण ती नेमकी मांडली गेली आणि म्हणूनच तिच्यावर खाट-शेगडीइतका नेमका उपाय सापडला. त्या संस्थापिकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

रोजच्या व्यवहारात काय करावे

पहिली गोष्ट नोंदीची. प्रत्येक मोठे काम संपल्यावर पैशांच्या वहीपासून वेगळ्या वहीत चार-पाच ओळी लिहाव्यात. गिऱ्हाइकाने काय मागितले होते, मध्ये काय बिघडले, ते कोणी आणि कसे सावरले, मी कोणते निर्णय घेतले, आणि गिऱ्हाईक पुन्हा आले का. ‘काम छान झाले’ हे लिहिण्यात अर्थ नाही, कारण मन ते मानणार नाही. ‘प्लायवुडचा पुरवठा अडकला तेव्हा मी दोन दिवस आधीच दुसऱ्या व्यापाऱ्याशी बोलून ठेवले होते’ हे वाक्य मात्र खोडून काढणे कठीण असते. अशा नोंदी साठल्या, की त्यांत नशिबाचा भाग किती आणि निर्णयाचा किती, हे आपल्याच हस्ताक्षरात दिसते. नशीब असतेच, ते नाकारण्याची गरज नाही. पण एकाच माणसाला दहा वर्षे तेच गिऱ्हाईक परत परत बोलावत असेल, तर त्याचे श्रेय नशिबाला देणे तर्काला धरून नाही.

दरासाठी एक शिस्त लावून घ्यावी. आधी खर्चाचा तक्ता करायचा, मग दर लिहायचा, आणि तो पाठवण्याआधी कमी करावासा वाटला तर कोणता खर्च कमी झाला हे तक्त्यात दाखवायचे. दाखवता येत नसेल, तर दर तसाच पाठवायचा. गिऱ्हाइकाने घासाघीस केली, तर दराबरोबर कामही कमी करावे. एक गोड पदार्थ वगळावा किंवा पोहोचवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे द्यावी. काही कामे हातची जातील, हे मान्य करावे लागते. परंतु तोट्यातल्या दहा कामांपेक्षा नफ्यातली सहा कामे धंद्याला अधिक तारतात.

माहीत नसलेल्या गोष्टीविषयी विचारले गेले, तर ‘तपासून उद्या सांगतो’ हे उत्तर द्यायला शिकावे आणि ते खरोखरच उद्या द्यावे. आपले सोंग उघडे पडेल या भीतीने लोक तेथेच अर्धवट उत्तर देतात, आणि मग खरोखर अडचणीत येतात. कौतुक झाले की ‘छे, त्यात काय’ म्हणण्याऐवजी ‘आभारी आहे, त्यातले तुम्हाला विशेष काय उपयोगी पडले?’ असे विचारावे. यातून मिळणारे उत्तर ही बाजाराची अस्सल माहिती असते, आणि ती वहीत लिहिण्याजोगी असते.

संशय पूर्ण जाईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. आणि तो अगदी निरुपयोगी असतो असेही नाही. एमआयटीतील संशोधक बासिमा तौफिक यांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की कामाच्या ठिकाणी असे विचार येणाऱ्या व्यक्ती समोरच्याकडे अधिक लक्ष देतात आणि माणसांशी वागण्यात त्या अधिक परिणामकारक मानल्या जातात. गिऱ्हाइकाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा मालक पुष्कळदा असाच थोडा साशंक असतो. पहिला कामगार ठेवताना, पहिले कर्ज घेताना, दुसरी शाखा उघडताना ही भावना पुन्हा उसळते, कारण त्या टप्प्यावर आपण खरोखरच नवखे असतो. तिच्या येण्याची आधीच कल्पना असली, तर ती निर्णयाच्या आड येत नाही.

समव्यावसायिकांशी बोलणे फार महत्त्वाचे आहे, पण ते बोलणे कशाविषयी असते यावर सारे अवलंबून आहे. उद्योजकांच्या मेळाव्यात केवळ व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण आणि यशकथा होत असतील, तर माणूस आणखी खचून घरी येतो. त्यापेक्षा आपल्याच क्षेत्रातील तीन-चार विश्वासू लोकांनी महिन्यातून एकदा भेटावे, आणि गेल्या महिन्यात कोणते काम हातचे गेले, कोणाकडे पैसे अडकले, कोणता दर चुकला, हे आकड्यांसह एकमेकांना सांगावे. ज्याच्याकडे आपण मोठा म्हणून पाहत होतो, त्याचेही दोन चेक परत आलेले असतात, हे ऐकल्यावर तुलनेचा पायाच बदलतो. घरातील माणसांनाही काही सांगावेसे वाटते. दर वेळी ‘नोकरी केली असतीस तर’ असे म्हणण्याऐवजी त्यांनी या महिन्याचा ताळेबंद शेजारी बसून वाचावा. मालकाला त्याचा आधार अधिक वाटतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. झोप उडणे, भूक मंदावणे, छातीत धडधड होणे, कशातच मन न लागणे असे काही आठवडे चालू राहिले, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तो केवळ स्वतःविषयीचा संशय आहे असे समजून वहीत उत्तरे शोधत बसू नये. या भावनेबरोबर चिंता आणि नैराश्य अनेकदा आढळते, आणि त्यांवर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार आहेत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.